पाचपैकी तीन

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सान्यालबाबू आले. आमच्या संकुलाचे सेक्रेटरी, निवृत्त इंजिनिअर, बोलताना चष्मा काढतात आणि लगेच पुन्हा लावतात. माझ्या नवऱ्याला, कौस्तुभला वाटलं, पार्किंगचं काही असेल. पण त्यांना माझ्याशीच बोलायचं होतं. ह्या बंगाली शहरात येण्यापूर्वी मी नाशिकला कॉलेजात नऊ वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं.

गोष्ट अशी, की दोन महिन्यांपूर्वी गेटवर अ‍ॅप आलं. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, पोळ्यावाल्या, सगळ्यांचे फोटो त्यात आहेत. गेटवर चेहरा दाखवला की हिरवी खूण येते आणि वॉचमन आत सोडतो. त्यातच गुण द्यायची सोय आहे, पण लोक सगळ्यांना पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात. दोनशे चाळीस बायका आणि सरासरी चार पूर्णांक नऊ.

"ह्याला काय अर्थ आहे, मिसेस पाटणकर? तुम्ही एक शास्त्रशुद्ध पद्धत बसवून द्या."

जाताना हसत म्हणाले, "तुम्हा बर्गींना, मराठ्यांच्या घोडेस्वारांना, अडवायला आमच्या पूर्वजांनी बागबाजारपासून खंदक खणला. आणि आता आमचं गेट राखायला आम्ही मराठी माणूसच शोधतोय!"

ते गेल्यावर कौस्तुभ म्हणाला, "फुकटची मॉडरेटर झालीस." पण त्यालाही बरं वाटलं असावं. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे माझ्या विषयासाठी आलं.

माणसांना गुण द्यावेत का, हा प्रश्न मी स्वतःला दुपारभर विचारला. देऊ नयेत, असंच वाटतं. पण ते दिले जाणारच आहेत. मग ते कोणा उतावळ्याने ठरवण्यापेक्षा, अन्याय होऊ नये म्हणून जपणाऱ्या माणसाने ठरवलेलं काय वाईट? मी हो कळवलं.

१९ जानेवारी, रविवार

नियम लिहून झाले. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. पुतुल लादी पुसत टेबलाखाली आली.

"बौदी, पाय वर." मग ओला हात पदराला पुसून कागदाकडे बघत तिने माझ्या लेकीबद्दल विचारलं, "सायलीची परीक्षा?"

"नाही. तुमची." मी समजावलं. आमची भाषा म्हणजे माझी मोडकी बांगला आणि तिची मोडकी हिंदी. बौदी म्हणजे वहिनी.

पुतुल नस्कर तीन वर्षं आमच्याकडे येते. राहते चंपाहाटीला, कॅनिंगच्या लोकल गाडीने येते, ह्या संकुलात पाच घरं करते. नवरा केरळात गवंडीकाम करतो. मुलगी बारावीला आहे.

"नापास झालं तर?" तिने विचारलं.

"नापास कोणी होत नाही त्यात. चांगल्या कामाची नोंद राहावी म्हणून आहे."

"मग सगळ्यांना पाच द्या ना. भानगडच नको." आणि ती हसत स्वयंपाकघरात गेली.

तिला कसं सांगणार, की सगळ्यांना पाच हीच तर भानगड आहे. तो पाच चांगल्या बाईचाही असतो आणि टाळाटाळ करणारीचाही. म्हणून मी असं ठेवलंय, की जे घर सरसकट पाच देतं त्याच्या गुणांना वजन कमी आणि जे विचार करून कमीजास्त देतं त्याला जास्त. गुण देणाऱ्याचा घर क्रमांक दिसलाच पाहिजे. निनावी शेरा मी कधीच मान्य केलेला नाही. एकदा दिलेले गुण सहा महिने बदलता येणार नाहीत. हे अनुभवावरून. निकालानंतर घरी येऊन रडणारी मुलं आणि त्यांचे आईबाप मी पाहिलेत; ज्याला रडता येतं त्याचे गुण वाढतात आणि मुकाट्याने परत जाणाऱ्याचे तेवढेच राहतात.

शेवटचं कलम मी हट्टाने घातलं. एखादीच्या हातून चूक झाली, तिने ती कबूल केली, वस्तू परत केली आणि त्या घराने ते मान्य केलं, तर नोंद निकाली काढून आठ दिवसांत पुन्हा प्रवेश द्यायचा. माणसाला सुधारायची संधी हवी. हे कलम लिहिताना मला माझाच थोडा अभिमान वाटला, तोही इथे नोंदवते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सरस्वतीपूजेच्या गडबडीतच समितीने नियम मंजूर केले. कंपनीने अ‍ॅपमध्ये घातलेही. विश्वासार्हता साडेतीनच्या खाली गेली तर प्रवेश थांबवायचा, ही मर्यादा कंपनीची. मी ठरवलेली नाही. मात्र मी हरकत घेतली नाही. साडेतीन म्हणजे सत्तर टक्के. जरा जास्त आहे, असं मनात आलं होतं. बोलायला हवं होतं का? सगळे टाळ्या वाजवत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पुतुलचे गुण भरले. पाऊण तास लागला.

वेळ पाळणं : दोन. गाडी उशिरा येते ही तिची चूक नाही, पण रकाना वेळेचा आहे, गाडीचा नाही. स्वच्छता : चार. ओटा तिच्यासारखा कोणी पुसत नाही. पलंगाखाली झाडू जात नाही. वागणूक : चार.

विश्वासार्हतेपाशी अडले. तीन वर्षांत घरातून काही गेलेलं नाही. पण त्यावरून काय सिद्ध होतं? मी कधी मुद्दाम काही समोर ठेवून पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. तो हीनपणा आहे. पुरावा ना ह्या बाजूला, ना त्या. अशा वेळी प्रामाणिक आकडा एकच, मधला. तीन दिले.

पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास. आमचे विभागप्रमुख साठच्या वर हात जाऊ द्यायचे नाहीत आणि त्यांच्या साठाला लोक पेढे वाटायचे. घाईने पाच ठोकून देणं हा तिचाच अपमान झाला असता. निदान एका घराने तिच्याबद्दल पाऊण तास विचार केला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सायली शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तू पुतुलदीला थ्री दिलंस?"

"हो. का?"

"ट्रस्टमध्ये थ्री?"

मी तिला साठ टक्क्यांचं सांगायला लागले. तिने कपाळावर हात मारला. "आई, थ्री कधी देतात माहितीये? कॅबवाल्याने दारू पिऊन गाडी चालवली, तर थ्री देतात! तेपण विचार करून! तू ना, एकदम बोका आहेस." बोका म्हणजे इथे बावळट. ह्या मुलीचं मराठी दिवसेंदिवस असंच होत चाललंय.

तिने फोन दाखवला. पुतुलचा फोटो, भोवती लाल कडा. विश्वासार्हता तीन पूर्णांक दोन. बाकीच्या चार घरांनी पाचच दिले आहेत. पण ती घरं सगळ्यांनाच पाच देतात, म्हणून त्यांच्या गुणांना वजन नाही. माझ्या तीनाला आहे.

गणित तपासलं. बरोबर आहे. कुठेही चूक नाही.

खाली कंपनीने आपोआप घातलेली ओळ : 'एका घराने ह्या व्यक्तीच्या विश्वासार्हतेबद्दल शंका नोंदवली आहे.' शेजारी आमचा घर क्रमांक. मी शंका नोंदवलेली नाही. शंका नाही, एवढंही मी नोंदवलं नव्हतं, हे मात्र खरं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साडेसातला पुतुलचा गेटवरून फोन. "बौदी, हे आत सोडत नाहीत."

खाली गेले. वॉचमन अवघडला होता. लाल आहे मॅडम, मी काय करू, असं दोनदा म्हणाला. पुतुल बाजूला, कुंडीशेजारी उभी होती. आत येणाऱ्या बायका चेहरा दाखवून तिच्यासमोरून जात होत्या. कोणी थांबत नव्हतं. थांबलं तर आपलाही काही आकडा पडेल, असं त्यांना वाटत असावं. तसं काही माझ्या नियमात नाही.

"मशीन बिघडलंय बहुतेक," मी तिला म्हणाले. का म्हणाले? तोंडातून निघून गेलं. "आज घरी जा. मी बघते."

तिने मान हलवली. "मशीनच असेल. पाचही घरं माझी चांगली आहेत."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरच्या विनीता बाजोरिया दारात आल्या. पुतुल त्यांच्याकडेही भांडी घासते. आवाज खाली आणून म्हणाल्या, "देवयानीजी, काय उचललं तिने?"

"काहीच नाही."

"मला सांगा हो. माझ्याकडे सासूबाईंचे दागिने घरातच असतात."

"खरंच काही नाही. तीन म्हणजे मला मध्यम म्हणायचं होतं. तटस्थ."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "किती मोठं मन आहे तुमचं. गरिबाचं नाव खराब होऊ नये म्हणून... मी तर असं करू शकले नसते."

संध्याकाळी मी संकुलाच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं : पुतुल नस्कर हिने आमच्या घरातून काहीही घेतलेलं नाही, दिलेला गुण पुराव्याअभावी तटस्थ होता, कृपया गैरसमज नसावा. बावीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. 'ग्रेसफुल' असं तिघांनी लिहिलं. एका गृहस्थांनी लिहिलं, "पुराव्याअभावी. समजलं."

जितकं नाकारते तितकं पक्कं होत चाललंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण न लिहिणंही खोटं होईल.

आज घरात कोणी नसताना कपाट उघडून सगळं पाहिलं. बांगड्या, कानातली, चांदीची ताटवाटी. फक्त कोणी विचारलं तर खात्रीने सांगता यावं म्हणून. सगळं जागच्या जागी होतं. मला हायसं वाटलं. मग हायसं का वाटलं, असा विचार आला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सान्यालबाबूंकडे गेले. म्हटलं, माझे गुण मागे घ्या. किंवा पाच करा.

त्यांनी चष्मा काढला. "कलम दोन, मिसेस पाटणकर. सहा महिने बदल नाही. तुम्हीच तर समजावून सांगितलंत, की ज्याला रडता येतं त्याचे गुण वाढतात. मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी कंपनीलाही पाठवलं."

"पण चूक माझी आहे."

"आज तुमच्यासाठी अपवाद केला, तर उद्या दोनशे चाळीस अपवाद." चष्मा लावला. "एवढं मनाला लावून घेऊ नका. बायका खूप मिळतात. कामाला."

कंपनीला फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, तशी सोय नाही, ऑगस्टमध्ये पुढची फेरी आहे. मग म्हणाली, आमच्या सिस्टममध्ये बायपासवरची एकोणीस संकुलं आहेत, तुमचं वेटेजचं मॉडेल सगळीकडे लागू केलंय, अभिनंदन.

एकोणीस. म्हणजे पुतुलला शेजारच्या गेटवरही लालच दिसत असणार.

१ मार्च, शनिवार

कौस्तुभ म्हणतो, "दुसरी बाई बघ आणि हिला सहा महिने घरबसल्या पैसे दे. तुझा जीव शांत होईल." मी तसं पुतुलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "भीक घेतली की लोक म्हणतील खरंच असणार. भेटू शकाल का, बौदी? मी आत येऊ शकत नाही, तुम्ही बाहेर या."

गेटसमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तिथे बाकावर बसलो. तीन वर्षांत आम्ही शेजारी शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. मी तिला सगळं सांगितलं. तीन आकडा माझा, नियम माझे, मशीन बिघडलेलं नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं. वॉचमनने फोन दाखवला, तुमच्या घराचा नंबर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मशीन म्हणालात, तेव्हा वाटलं, तुम्हाला बोलायचं नाही." तिने चहा फुंकला. "बौदी, तुमच्या कागदात आहे ना, चूक मान्य केली की दार उघडतं?"

"हो, पण तू काही केलंच नाहीस."

"म्हणून तर उघडत नाही."

ती बोलत राहिली, जणू भाजी कुठून घ्यायची ते सांगतेय अशी. "बी टॉवरची मिनोती. तेल, साबण, डाळ, सगळं न्यायची. पकडली, रडली, पाया पडली. आठ दिवसांत हिरवी. आता दोन घरं जास्त आहेत तिच्याकडे. लोक म्हणतात, एकदा धडा मिळालेली बाई बरी. मी पण एक काहीतरी घेतलं म्हणते. तुम्ही हो म्हणा."

"पुतुल, हे खोटं आहे."

"हो."

"तू चोर ठरशील. कायमची."

"आत्ता कोण आहे मी?" मग थोडं हसून म्हणाली, "चोराला निदान माफी मिळते, बौदी."

काय घेतलं म्हणायचं, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. माझी चांदीची कोयरी. तिला शब्द माहीत नाही; "आंब्यासारखी कुंकवाची डबी, मी घासते ती," म्हणाली. "पोलीस बोलावण्याइतकी मोठी नको, विसरण्याइतकी लहान नको. ही बरोबर आहे."

मी म्हणाले, "मला असं खोटं लिहून देता येणार नाही. विचार करते."

"करा." ती उठली. "मुलीची परीक्षा परवा सुरू होते. तिला मी सांगितलंय, सुट्टीवर आहे." पदर सावरताना, न रागावता विचारलं, "तीन तुम्ही खरं लिहिलं होतं ना?"

चहाचे पैसे तिने दिले. मी देईपर्यंत तिने देऊन टाकले होते.

६ मार्च, गुरुवार

पाच दिवस झाले. ठरत नाही.

आयुष्यात मी खोट्या कागदावर सही केलेली नाही. नाशिकला एक मुलगी दोन गुणांनी राहिली होती. प्राचार्यांनी स्वतः सांगितलं, देऊन टाका, लग्न ठरलंय तिचं, पदवीवर अडलंय. मी पेपर पुन्हा तपासला आणि दोन गुण कुठेच सापडले नाहीत, म्हणून दिले नाहीत. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगायचे. आज पहिल्यांदा मनात आलं, की त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मला माहीत नाही. मी कधी चौकशीच केली नाही. नाव आठवायचा प्रयत्न केला. आठवला तो बैठक क्रमांक.

खोटं लिहिलं तर एका निर्दोष बाईला मी स्वतःच्या हाताने चोर ठरवते. नाही लिहिलं तर ती चोरच राहते, फक्त माझे हात स्वच्छ राहतात. हे कळतंय. तरी हात पुढे जात नाही. सायलीला विचारलं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "तू तिला आधीच चोर बनवून दिलंस. आता फक्त नाव काय ठेवायचं, ते विचारतेयस."

तिला मी रागावले नाही.

१० मार्च, सोमवार

पुतुलचा फोन नाही. मीही केला नाही. दोनदा नंबर काढला. काय सांगणार, अजून विचार करतेय?

११ मार्च, मंगळवार

सकाळी दहाला अ‍ॅपवर सूचना आली. पुतुल माझी वाट न पाहता काल संकुलाच्या ऑफिसात गेली होती. तिने तिथल्या माणसाकडून कबुली लिहवून घेतली, अंगठा दिला. तिला सही येते, मी पाहिलीय. अंगठा का दिला असेल?

'श्रीमती पुतुल नस्कर यांनी आपल्या घरातून चांदीची डबी घेतल्याचे व परत केल्याचे कबूल केले आहे. आपण दुजोरा देता का? हो / नाही.' खाली मुदत : अठ्ठेचाळीस तास. त्याखाली बारीक अक्षरांत : 'नाही निवडल्यास खोटे निवेदन म्हणून नोंद होईल व प्रवेश कायमचा रद्द होईल.' ही ओळ माझी नाही. पण नियमात सुसंगत बसते.

तिने मला निवडायला काही ठेवलंच नव्हतं. तिला माहीत होतं, मी विचार करत बसेन.

'हो' दाबलं. वाटलं होतं तेवढ्यावर संपेल. पण मग चौकट उघडली : 'कृपया तपशील द्या, किमान वीस शब्द.' मी लिहिलं, की जानेवारीत देवघर आवरताना चांदीची कोयरी दिसली नाही, विचारल्यावर पुतुलने रडून कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी ती परत आणून दिली, आमची आता तक्रार नाही. लिहून झाल्यावर वाचलं. 'रडून' हा शब्द मी का घातला? कोणी विचारला नव्हता. वाक्य लांबलं होतं, म्हणून दोन केली, वाचणाऱ्याला नीट समजावं म्हणून. मग पाठवलं.

२० मार्च, गुरुवार

परवापासून ती हिरवी आहे. पाचपैकी तीन घरांनी परत बोलावलं, त्यांत विनीताही आहेत. "आता कसं सगळं स्वच्छ झालं," म्हणाल्या. "तुम्ही इतके दिवस झाकत होतात, पण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

पुतुलला फोन केला. मुलीचे पेपर बरे गेले. सोमवारपासून आमच्याकडे किती वाजता येणार, विचारलं.

"तुमच्याकडे नाही, बौदी."

"का? रागावलीस?"

"राग कशाला? ज्या घरात चोरी केली तिथेच परत कामाला कोण ठेवतं? लोक म्हणतील, मग ते खोटंच होतं. पुन्हा लाल होईन." मग समजावल्यासारखं म्हणाली, "आणि लिफ्टमध्ये, खाली, कुठे भेटलो तर बोलू नका. निदान थोडे दिवस. तुम्हाला हसून बोलायची सवय आहे."

मी बरं म्हणाले.

सान्यालबाबूंनी कळवलं, की बायपासवरच्या आणखी दोन संकुलांना माझ्याशी बोलायचं आहे. कबुलीच्या कलमाची त्यांनी फार स्तुती केली म्हणे. ते माणुसकीचं आहे. मी नाही म्हणणार आहे. अर्थात, दुसऱ्या कोणी हे काम घेतलं, तर तटस्थ गुणाचा घोळ तसाच राहील. निदान 'पुरेशी माहिती नाही' असा एक वेगळा रकाना घालता येईल. तेवढं टिपण काढून ठेवलंय. दिलंच पाहिजे असं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

आज ती दिसली.

सर्व्हिस लिफ्ट बंद होती, म्हणून सगळे आमच्याच लिफ्टने जात होते. मी आणि विनीता बाजारातून आलो, वर निघालो. दार मिटता मिटता कोणीतरी हात घातला. पुतुल होती. आम्हाला पाहून क्षणभर थबकली, मग आत येऊन कोपऱ्यात, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. नजर खाली. खांदे पडलेले. तीन वर्षांत मी तिला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ती लादी पुसतानासुद्धा मान वर करून बोलायची. तिने ते शिकून घेतलं होतं, आणि चांगलं घेतलं होतं.

विनीता माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, आता ही काय करते, एवढ्याच कुतूहलाने.

दोन मजले गेले. बोलायचं नव्हतं, मी बोलले नाही. हसायचं नव्हतं, हसले नाही. पण तेवढं पुरेसं नाही, असं वाटलं. मी अगदीच साधी उभी होते, जिच्या घरी काहीच झालं नाही अशी. माझी पर्स डाव्या खांद्यावर होती. मी ती काढली आणि उजव्या खांद्यावर घेतली. चेन लागली आहे का, ते बोटाने चाचपून पाहिलं.

विनीतांनी नजर वळवली.

सातव्या मजल्यावर पुतुल उतरली. दार मिटण्यापूर्वी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. काम नीट झालं की मी हलवायचे तशी.

घरी येऊन सगळा दिवस एकाच गोष्टीचा विचार करतेय. पर्स मी तिच्यासाठी हलवली, हे मला माहीत आहे. चेन का चाचपली, ते मात्र सांगता येत नाही.